डाव्या टोकाची जागा

दहावीच्या वर्षीच मी बाबांच्या डोक्यावरून पलीकडचं पाहू लागलो होतो. उंचीचं हॉलंडमध्ये कुणाला काही वाटत नाही, तिथे सगळेच उंच. पण मी रुंदीलाही तसाच वाढत होतो. सुट्टीत पुण्याला गेलो की मावशी दारातच म्हणायची, "काय गं खायला घालतेस याला?" आणि आई हसत हसत चपला काढायची. इकडे आमच्या गावात, फेल्डहोवनमध्ये, असं तोंडावर कुणी म्हणत नसे. शाळेच्या फुटबॉलच्या संघाची निवड होती तेव्हा तिथल्या शिक्षकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं, पोहायला आवडतं का असं मला विचारलं होतं. त्या मायेचा मला उघड चिडवण्यापेक्षा जास्त राग आला. वर्गातली मुलं वाईट नव्हती. वाढदिवसाला बोलवायची, केक द्यायची. पण एकमेकांच्या पाठीवर मारायच्या थापा, धक्के, अंगावर उड्या, यातलं काही माझ्या वाट्याला येत नसे. माझ्या अंगाला कुणी हात लावत नाही हे माझ्या एकदा लक्षात आलं आणि मग ते लक्षातून जाईना.

अशाच एका संध्याकाळी सायकलवरून घरी येताना कालव्यापलीकडच्या मैदानावर हेल्मेट घातलेली माणसं एकमेकांवर आदळताना दिसली. मी एक पाय जमिनीवर टेकून बघत राहिलो. पांढऱ्या मिशांचा एक माणूस कुंपणापाशी आला. माणसं नवख्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. त्यानं मला डावीकडून उजवीकडे न्याहाळलं. "रविवारी सकाळी ये," एवढंच तो म्हणाला. हा हेन्क, आमचा कोच. आयुष्यभर शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेला, तरुणपणी अमेरिकेत वर्षभर राहून हा खेळ डोक्यात भरून घेऊन आलेला.

हा खेळ, अमेरिकन फुटबॉल, आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो, म्हणून थोडं सांगतो. यात चेंडू हातानं फेकतात. फेकणारा तो क्वार्टरबॅक. त्याला फेकायला दोन-तीन श्वासांची सवड मिळावी म्हणून त्याच्यापुढे पाच जण वाकून उभे असतात आणि समोरून धावून येणाऱ्या धटिंगणांना छातीनं, हातांनी अडवून धरतात. या पाचांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. त्यांच्यातला मधला चेंडू पायांमधून मागे देतो, तेवढाच काय तो त्यांचा चेंडूशी संबंध. त्यांची नावं काही बिघडलं तरच घेतली जातात. मला ती जागा पहिल्या दिवसापासून आवडली. वाकून उभं राहिलं की दोन्ही बाजूंना कुणाचे तरी खांदे असत, आणि सरावात माणसं दर मिनिटाला माझ्या अंगावर येऊन आदळत. घरी गेल्यावर दंडावरचे काळेनिळे डाग मी आरशात पाहत असे.

पहिलं वर्ष मी राखीव खेळाडू म्हणून बाकावर काढलं. त्या सीझनच्या शेवटी ती लाइनच मोडली. एकाला उत्तरेला नोकरी लागली, एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एकाला जुळी झाली, आणि एकानं कारण न सांगता यायचंच थांबवलं. त्याआधीच्या शेवटच्या मॅचमध्ये डावीकडून घुसलेल्या एका माणसानं आमच्या क्वार्टरबॅकचं, मार्टाइनचं, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. उरला होता फक्त मधला ब्राम, क्रेन चालवणारा, चाळिशी ओलांडलेला. त्याच्याभोवती हेन्कला हिवाळ्याभरात नवी लाइन उभी करायची होती. डाव्या टोकाची जागा त्यानं मला दिली. क्वार्टरबॅक उजव्या हातानं फेकतो, त्यामुळे त्या बाजूला त्याची पाठ असते. तिथून येणारा माणूस त्याला दिसत नाही. "ही जागा सांभाळणाऱ्याच्या भरवशावर बाकीचे झोपतात," हेन्क म्हणाला, आणि पुढे त्यानं जे सांगितलं त्यानं माझी झोप उडाली: नवी लाइन उभी राहिली नाही तर तो यंदा लीगमध्ये संघाचं नावच देणार नव्हता. दुसऱ्या कुणाचं हाड मोडलेलं त्याला पाहायचं नव्हतं. बेल्जियमच्या एका संघाशी सरावाची मॅच ठरली होती. ती पाहून तो ठरवणार होता.

आई त्याआधीच पुण्याला गेली होती. दसऱ्याच्या सुमारास आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि ती मिळेल त्या विमानानं निघाली. निघण्याआधी दोन दिवस ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आमटी, छोले, सारणाचे गोळे, सगळं डब्यांत भरून तिनं फ्रीझर गच्च केला. ते डबे नाताळापर्यंत पुरले. नंतर बाबा स्वयंपाक करू लागले. ते चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत कामाला होते. यंत्राचा एखादा भाग केसापेक्षाही कमी सरकला तर तो हुडकून काढायचा हे त्यांचं काम. पण कुकरच्या शिट्ट्या त्यांच्या कधी लक्षात राहिल्या नाहीत. भाताचा कधी चिखल व्हायचा, कधी दाणे दाताखाली कडकन वाजायचे. सुपरमार्केटमध्ये हिवाळ्यात बुरनकोल नावाची कुरळ्या पानांची भाजी ढिगानं येते. ती चिरून, मुगाची डाळ आणि दाण्याचं कूट घालून ते पातळ भाजी करत. ती मात्र उत्तम व्हायची. आजही मी ती तशीच करतो, आणि माझ्या बायकोला वाटतं की हा कोल्हापूरकडचा काही प्रकार असावा.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. आई असताना रेडिओ, मिक्सर, फोनवर मावशीशी चाललेलं हसणं, आणि मधूनच डच भाषेच्या परीक्षेसाठी तिनं मोठ्यानं म्हटलेली वाक्यं. ती गेल्यावर गरम पाण्याच्या नळ्यांची टकटक ऐकू येऊ लागली. शेजारचे लोक रात्री कचऱ्याचा डबा रस्त्यावर ओढत नेत, त्याच्या चाकांची खरखर. कार्निव्हलच्या आठवड्यात अख्खं गाव रंगीबेरंगी कपडे घालून बँड वाजवत फिरत होतं, सरावही बंद होता. मी आणि बाबा खिडकीशी चहाचे कप घेऊन बसलो होतो, आणि मधमाशीच्या वेषातला एक म्हातारा आम्हाला हात करून गेला. आम्हीही हात केला. त्या दिवशी आमच्यात याहून जास्त काही घडलं नाही. बाबा कमी बोलणारे होतेच, पण पूर्वी त्यांचं कमी बोलणं आईच्या बोलण्यात बुडून जायचं.

नव्या लाइनमध्ये माझ्या शेजारी, ब्राम आणि माझ्या मधे, रॉय आला. तो मूळचा पश्चिमेकडच्या झूटरमेर गावचा, शंभरेक वर्षांपूर्वी भारतातून सुरीनामला मजुरीला गेलेल्या आणि तिथून हॉलंडला आलेल्या हिंदुस्तानी घरातला, इकडे एका इस्पितळात नर्स होता. त्याच्या घरची हिंदी फार जुन्या वळणाची. त्याला माझी हिंदी सिनेमातली वाटायची आणि मला त्याची कुठल्या तरी लांबच्या काकांसारखी. डचमधून शिव्या आणि हिंदीतून विचारपूस, अशी आमची वाटणी होती. हेन्क लाइनची परीक्षा घ्यायचा ती आमच्याकडे पाठ करून. मार्टाइननं आरोळी दिली की आम्ही पाचांनी एकदम पहिलं पाऊल टाकायचं, आणि तो नुसतं ऐकायचा. गोठलेल्या जमिनीवर बुटांचा आवाज स्पष्ट येतो. "पाच माणसं, दोन आवाज," तो म्हणायचा. "पुन्हा." आम्ही पुन्हा वाकायचो. उशिराचा तो दुसरा आवाज कुणाचा हे त्यानं कधी सांगितलं नाही, आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे असं मी धरून चाललो होतो.

जानेवारीत एका रविवारी बाबा सरावाला आले. अचानक. मी हेल्मेट काढून पाणी पीत होतो तर ते कँटीनच्या बाहेरच्या पायऱ्यांवर कानटोपी घालून बसलेले. पुढच्या रविवारीही आले. मला संकोच वाटला आणि त्याहून जास्त आनंद झाला. हेन्कनं त्यांना विचारलं की उंचावरून फोनवर चित्रण कराल का, लाइन मागून बघायला मिळाली तर बरं होईल. तेव्हापासून बाबा वरच्या पायरीवर उभे राहून हातमोजा काढलेल्या एका हातानं चित्रण करत. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून आम्ही ते पाहत असू. त्या महिन्यांतलं आमचं बोलणं सगळं त्या पडद्यासमोरचं आहे.

"हा तू ना?" पहिल्यांदा त्यांनी विचारलं.

"हो, डावीकडचा."

"परत लाव." त्यांनी चष्मा वर केला. "परत. आता हळू लाव. हे बघ, हे चौघं उठले. आणि हा तू."

"एवढा काही फरक नाहीये, बाबा."

"आहे. प्रत्येक वेळी आहे. आणि उठण्याआधी तुझं डोकं उजवीकडे वळतंय. तू ऐकून उठत नाहीस, शेजाऱ्याकडे बघून उठतोस."

"हेल्मेटमध्ये नीट ऐकू येत नाही."

"त्यांना येतं ना?"

त्यांच्या आवाजात रागावणं नव्हतं. ऑफिसात यंत्राबद्दल बोलत असतील तसंच ते बोलत होते. मी भात संपवला. ताट विसळून आलो तर ते अजून तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावून पाहत होते. "बाकी धरतोस चांगलं," ते पडद्याकडे बघतच म्हणाले. "एकदा धरलंस की सोडत नाहीस."

बेल्जियमवाल्यांशी मॅच होती त्या रविवारी सकाळी आईचा फोन आला. बाबा खाली बटाट्याच्या भाजीचे ब्रेडचे रोल कागदात गुंडाळत होते, मी वर खोलीत बॅग भरत होतो. पुण्यात दुपार होती. तिच्या मागे कुठल्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत होता. तिनं मॅचबद्दल विचारलं, गुडघ्याला पट्टी बांध म्हणाली, आजोबा आता काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात ते सांगितलं. मी म्हटलं, "मग आता येशील ना? लीगची पहिली मॅच आमच्याच मैदानावर आहे. म्हणजे, खेळलो तर."

टीव्हीवरची जाहिरात सबंध ऐकू आली.

"बाबा बोलले नाहीत का तुझ्याशी?"

"कशाबद्दल?"

"अरे, मी माझ्या जुन्या कॉलेजला परत रुजू झालेय. केमिस्ट्री शिकवायला. जानेवारीपासून."

"किती दिवसांसाठी?"

"दिवसांसाठी नाही, निरू. कायमची." मग ती भरभर बोलू लागली. "आठ वर्षं मी तिथे प्रयत्न केला. तू पाहिलंयस. परीक्षा दिल्या, अर्ज केले, लायब्ररीत पुस्तकं लावली. इथे पहिल्या दिवशी वर्गात गेले आणि पोरं उभी राहिली रे, मला रडूच आलं. मी तिकडे नाही येऊ शकत आता. तुझी शाळा संपली की तू इकडे ये. तुझी खोली आहे तशी आहे."

मी "हं" म्हणालो असेन. तिनं आठ वर्षांत काय काय केलं ते मी खरंच पाहिलं होतं. सोफ्यावर बसून ती नकाराचे मेल वाचायची आणि मग उठून कणीक मळायला घ्यायची, ते आज मला त्या वेळेपेक्षा स्पष्ट दिसतं. त्या सकाळी मात्र मला एवढंच कळलं की बाबांना हे माहीत होतं. आम्ही दोघं सायकलींवरून मैदानाकडे निघालो. ते पुढे, मी मागे. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

माझ्यासमोर लाल दाढीचा एक बेल्जियन होता. फार मोठा नव्हता, पण चपळ. पहिल्याच डावात तो माझ्या बाहेरून निघून गेला, आणि मार्टाइननं कसाबसा चेंडू बाहेर फेकून दिला. मी उशिरा उठत होतो हे मला स्वतःला कळत होतं, तरी मान उजवीकडे वळतच होती. थोड्या वेळानं तो पुन्हा गेला, आणि या वेळी मागे धप्प असा आवाज झाला. मी वळलो तर मार्टाइन पाठीवर पडलेला, हात त्याच गळ्याजवळच्या हाडावर. मैदानावर कुणी हललं नाही. मग तो कुशीवर वळला, उठून बसला, हात गोल फिरवून पाहिला आणि बरा आहे अशी मान हलवली. हेन्क बाजूच्या रेषेवर मिशी चावत उभा होता.

मध्यंतरात सगळे कोंडाळं करून बसले. मी सरळ पायऱ्यांकडे गेलो. बाबांच्या हातात फोन होता.

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी फोन खाली केला. "आईचा फोन आला होता?"

"केव्हापासून माहीत होतं?"

"नाताळाच्या आसपास ती म्हणाली पहिल्यांदा."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"आधी तिचंच नक्की नव्हतं. मग झालं नक्की." थंडीनं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी उलट्या हातानं पुसलं. "रोज ठरवायचो, आज जेवताना सांगू. तू समोर येऊन बसलास की दुसरंच काहीतरी बोलायचो. रविवारी तर घरात बसवायचंच नाही. म्हणून इथे यायला लागलो, खरं सांगतो. तुझा खेळ बघायला नव्हतो आलो. नंतर बघायला लागलो."

मला वाटलं होतं की ते माझ्यासाठी येतात. ते ऐकून मी तिथे जितका एकटा पडलो तितका सकाळी फोनवरही पडलो नव्हतो. मी हेल्मेट चढवलं आणि परत फिरलो. आज त्या पायऱ्यांवरचा माणूस मला जास्त दिसतो: पंचेचाळिशीचा, परक्या गावात, कानटोपी घालून, ज्या खेळाचे नियम ठाऊक नाहीत तो खेळ दर रविवारी फोनमध्ये साठवत उभा राहिलेला. तेव्हा तो दिसला नाही. त्या वयात दिसतही नाही.

रॉयनं माझी चाल पाहिली असावी. वाकायच्या आधी त्यानं माझ्या हेल्मेटची जाळी धरली आणि घरी काही झालंय का विचारलं. मी म्हटलं, आई परत येणार नाही. त्याला क्षणभर वाटलं ती वारली. मी नाही, नाही, पुण्याला राहणार आहे, असं सांगितलं. त्यानं श्वास सोडला. त्याच्या त्या जुन्या हिंदीत तो म्हणाला, "ते मोठं आहे. त्यावर आपण नंतर बोलू. आता तू मला बघू नकोस. नाही बघितलंस तरी मी इथेच आहे, जाणार कुठे?"

दुसऱ्या अर्ध्यात मी लाल दाढीवरची नजर काढली नाही. उजवीकडे रॉयचा श्वास ऐकू येत होता, त्यापलीकडे ब्रामचं पुटपुटणं, मागे मार्टाइनची आरोळी. एवढे दिवस हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही म्हणत होतो, ते सगळं ऐकू येत होतं. मी चमत्कार केला असं नाही. तो माणूस एकदा मला आतून चकवून गेलाच, आणि मॅच आम्ही हरलो. पण मार्टाइन पुन्हा पडला नाही.

नंतर कँटीनमध्ये हेन्कनं आम्हा पाचांना कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं. मधे फ्रिट्सचं, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या लांब फोडींचं, मोठं ताट होतं, पण तो बोलेपर्यंत कुणी हात लावला नाही. ब्रामला तो म्हणाला की तुझे गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे, तेवढं पुरेल. रॉयला म्हणाला, हात चांगले, पाय आळशी. उजवीकडच्या दोघांना म्हणाला की तुम्ही मला आठवडाभर त्रास दिला नाहीत तर मी तुमची नावं विसरतो, ही स्तुती आहे. मग माझ्याकडे वळला.

"पहिल्या अर्ध्यात तिथे एक मुलगा होता, दुसऱ्या अर्ध्यात वेगळा होता. सीझनला यातला कोण येणार?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. काउंटरपाशी कॉफी घेऊन उभे असलेले बाबाही. त्यांना एवढं डच समजत होतं.

"दुसरा," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

हेन्कनं एक फ्रिट उचलली. "बरं. मग देतो नाव."

परतताना बाबा माझ्या बाजूनं सायकल चालवत होते. वारा समोरून होता. शाळेपाशी ते म्हणाले, "तुला पुण्याला जायचं असेल तर जा हं. माझी अडचण मधे आणू नकोस." मी म्हटलं, "बघू." आम्ही तसेच घरी आलो, आणि त्यांनी बुरनकोल चिरायला घेतली.

मी गेलो नाही. बाबांसाठी राहिलो की त्या चौघांसाठी, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. आईनं तर दर काही वर्षांनी विचारलं. मला सांगता येत नाही. पुढचा रविवार सरावाचा होता, त्याच्या पुढचा मॅचचा, आणि असे रविवार जात राहिले. ती लाइन एक सीझन टिकली. ब्रामनं खेळ सोडला, रॉय झूटरमेरला परत गेला. मी शिकायला वाखनिंगनला आलो आणि तिथलाच झालो. आईबाबांनी घटस्फोट वगैरे कधी काही कागदोपत्री केलं नाही. बाबा नोकरी लवकर सोडून पुण्याला गेले आणि आता दोघं गॅलरीत बसून एकमेकांवर कुरकुरतात. पण आम्ही तिघं एका घरात पुन्हा कधी राहिलो नाही.

बेल्जियमवाल्यांशी मॅच झाली त्याच आठवड्यात, शाळेतून आल्यावर, मी आईला फोन केला. माझं ठरलंय, इथेच शिकणार, असं सांगितलं. ती रडेल, भांडेल अशी मी तयारी करून ठेवली होती. ती म्हणाली, "बरं." मग जरा थांबून म्हणाली, "मग तुझ्या खोलीत मी शिकवणी घेऊ का रे? बारावीची मुलं मागे लागलीत."

"घे की," मी म्हणालो. माझा आवाज मला ठीक वाटला. "कॉट भिंतीला सरकव म्हणजे बसायला जागा होईल."

"कॉट कालच काढली मी," आई म्हणाली.

तिच्या मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारली, आणि आई फोन कानापासून थोडा लांब धरून, मी कित्येक वर्षांत न ऐकलेल्या आवाजात, "आले, आले" म्हणाली.